वेल्श नावाचा अर्थ घरबसल्या कसा काढायचा (आमच्या 'कारिस'च्या बारशाच्या निमित्तानं)

दादाचा कार्डिफवरनं फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलेलो. पोरगी झाली म्हणाला आणि लगेच पुढं, आत्या झालीस, कानात नाव तूच सांगायचंस, पण आम्ही दोघांनी इकडची पाच नावं काढून ठेवल्यात त्यातलंच एक पाहिजे. इकडची म्हणजे वेल्श, ब्रिटनमधल्या वेल्स देशाच्या भाषेतली. कारिस, सेरेन, ऱ्हीअन, ऑल्वेन, टेगन. फोन स्पीकरवर होता, आईनं घास ताटात ठेवला आणि विचारलं, "नाव कुठलंबी असू दे रं, पण त्याचा अर्थ काय?" दादाला एकाचाबी धड सांगता आला नाही.

मग मी बसले शोधायला. बाळांच्या नावांच्या साइट असतात ना, त्या उघडल्या तर एका ठिकाणी कारिस म्हणजे प्रेम, दुसऱ्या ठिकाणी कृपा, तिसऱ्या ठिकाणी कुणी प्राचीन केल्टिक (वेल्श, आयरिश या भाषांचं कूळ) देवी. तीन साइट तीन अर्थ, आणि कशावरनं म्हणताय ते कुणीच लिहिलेलं नाही. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून जे नाव सांगायचं ते पोरीला जन्मभर पुरणार, ते असं अंदाजपंचे सांगणं मला काही पटेना. दोन आठवडे रोज रात्री भांडी आवरल्यावर बसले आणि हळूहळू एक पद्धत सापडली. आमच्या मंगळवार पेठेतच ओळखीची तीनचार घरं अशी आहेत ज्यांची पोरं तिकडं आहेत, पुढंमागं त्यांच्याकडं हाच प्रश्न येणार, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे भाषेचा आकार डोक्यात बसेल. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे निघाले साधारण ५ लाख ३८ हजार. २०११ ला आपल्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. म्हणजे जवळजवळ एका कोल्हापुराएवढी माणसं ही भाषा बोलतात, शेजारी इंग्रजीसारखी भाषा बसलेली असताना. त्यामुळं तिथं पोरीला वेल्श नाव ठेवणं म्हणजे नुसती हौस नसते, त्यात भाषेबद्दलची माया पण असते, हे कळल्यावर मला दादाच्या यादीकडं बघायची नजरच बदलली.

आधी स्पेलिंग तपासा

वेल्श लिहितात रोमन अक्षरात पण वर्णमाला त्यांची स्वतःची आहे, २९ अक्षरांची, आणि त्यात के, क्यू, व्ही, एक्स, झेड ही अक्षरंच नाहीत. म्हणजे कुणी 'कारिस' के नं लिहून दिलं तर ते इंग्रजी वळणाचं स्पेलिंग झालं, वेल्श स्पेलिंग सी ए आर वाय एस. सी चा उच्चार तिथं कायम क, कधीच स नाही. जे सुद्धा उसनं घेतलेलं अक्षर, आणि गंमत बघा, वेल्समधलं सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव मात्र जोन्स.

दुसरं, डबल डी, डबल एफ, डबल एल, सीएच, आरएच, टीएच, एनजी, पीएच ही दिसायला दोन अक्षरं पण वेल्शमध्ये प्रत्येक जोडी म्हणजे एकच अक्षर, जसं आपला ख एक अक्षर आहे, क अधिक ह नाही, तसं. डिक्शनरीत शोधताना हे लक्षात ठेवा, आरएच चे शब्द आर संपल्यावर वेगळे येतात, मी पहिल्या रात्री आर च्या पानात ऱ्हीअन शोधत बसलेले.

आणि शेवट बघा. शेवटी 'वेन' असेल तर मुलीचं, 'विन' असेल तर मुलाचं. हे का ते पुढं सांगते, पण इंग्रजी देशांत ब्रॉनविन असं मुलीचं नाव सर्रास लिहितात, वेल्श माणसाच्या डोळ्याला ते मुलाच्या शेपटाचं दिसतं, खरं स्पेलिंग ब्रॉन्वेन.

मग उच्चार, आणि तो देवनागरीत लिहून काढा

हे काम मला सगळ्यात आवडलं, कारण वेल्श ही मराठीसारखी जवळजवळ लिहिल्याप्रमाणे वाचायची भाषा आहे, इंग्रजीसारखी लहरी नाही, आणि देवनागरीत ती इंग्रजीपेक्षा चांगली बसते. एफ एकच असेल तर व्ह, डबल एफ असेल तर फ. डब्ल्यू बऱ्याचदा स्वर असतो, उ किंवा ऊ. वाय उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यात इ, आधीच्या तुकड्यांत अ सारखा. त्यामुळं आपण ज्याला डिलन म्हणतो ते वेल्शमध्ये डलन, आणि वेल्स देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव कम्री. एस आणि आय पुढं स्वर आला की श होतो, म्हणून त्यांच्या जेनचं रूप चक्क शान. एनजी म्हणजे आपल्या वर्णमालेतला तो ङ, जो शाळेत पाठ केल्यावर आपल्याला परत कधी लागत नाही, तो वेल्शमध्ये रोज लागतो. आरएच साठी कऱ्हाडमधला ऱ्ह घ्या, अगदी तंतोतंत नाही पण इंग्रज माणसापेक्षा आपण जवळ पोचतो. डबल एल ला मात्र आपल्याकडं अक्षर नाही, जीभ ल ला लावायची आणि आवाज न काढता गालाच्या कडेनं नुसती हवा सोडायची, नावात हे अक्षर असलं तर तिथल्या माणसाकडनं रेकॉर्डिंग मागवा.

जोर बहुतेक वेळा उच्चाराच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. ऱ्हिआनन मध्ये 'आन' वर, कारिस मध्ये 'का' वर.

आता हे एवढं खोलात कशाला, तर आमच्याकडं याच्यावरच सगळं अडलं. गुरुजींनी जन्मवेळेवरनं मृगशीर्ष नक्षत्र, तिसरा चरण काढला, अक्षर आलं 'का'. दादा फोनवर इंग्रजी वळणानं कॅरिस म्हणत होता आणि आई म्हणाली कॅ म्हणजे के च्या जवळ आणि के, को, हा, ही ही अक्षरं पुनर्वसूची, हे नाव चालत नाही. वेल्शमधला ए हा इंग्रजीसारखा ॲ नाही, तो आखूड आ आहे. कारिस, पण आ लांबवायचा नाही. वहिनीनं तिच्या वॉर्डातल्या एका वेल्श बोलणाऱ्या सिस्टरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आईनं तो पाचसहा वेळा ऐकला आणि म्हणाली, "का च म्हणत्या की ती." झालं, अक्षर जुळलं. तुम्ही नक्षत्र बघत असाल तर उच्चार आधी पक्का करा मग पंचांग उघडा.

आता मुख्य काम, नावाचे तुकडे

बहुतेक वेल्श नावं दोन तुकड्यांची असतात, आणि तुकडे पाडताना एक अडचण येते. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की शेवट बदलतो, घोडा चा घोड्याला होतो, घर मात्र घराला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. म चा व्ह होतो, ब चा पण व्ह होतो, त चा द होतो, क चा ग होतो, आणि ग तर सरळ गायबच होतो. देशाचं नाव कम्री, पण सीमेवर स्वागताच्या बोर्डावर लिहिलेलं असतं 'क्रोइसो इ गम्री'. मायर म्हणजे मेरी, पण मेरीच्या नावाचं चर्च असलेलं गाव ल्लानव्हायर. त्यामुळं नावातला दुसरा तुकडा डिक्शनरीत मिळाला नाही तर घाबरायचं नाही, त्याचं मूळ तोंड काय असेल ते लावून बघायचं.

उदाहरण ऑल्वेन. ऑल म्हणजे पाऊलखूण. 'वेन' शोधलं तर मिळत नाही, कारण पुढचा ग गळालाय, मूळ शब्द ग्वेन. ग्विन म्हणजे पांढरा, ग्वेन म्हणजे पांढरी, म्हणून ते विन-वेन मुलगा-मुलगी. पण इथंच घाई करू नका. आपण तांबडा-पांढरा म्हणताना जो पांढरा म्हणतो तेवढाच हा शब्द नाही, त्यात उजळ, सुंदर, पवित्र, धन्य हे सगळं येतं, वेल्श बायबलमध्ये 'धन्य ते' म्हणायला हाच ग्विन शब्द वापरलाय. मग मराठीत कुठला शब्द बसेल म्हणून मी बराच विचार केला आणि उत्तर घरातच होतं, गौरी. गौर म्हणजे पांढरी, उजळ, आणि देवी पण.

आता ऑल्वेन परत जोडा. गौरीची पावलं! मी हे आईला सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. भाद्रपदात रंकाळ्यावरनं, पंचगंगेवरनं गौर आणायची, उंबऱ्यापासनं आत पावलं काढायची, हे आपण पिढ्यान्पिढ्या करतोय, आणि तिकडं मध्ययुगातल्या त्यांच्या कथेत ऑल्वेन जिथं जिथं पाऊल टाकते तिथं तिथं क्लोव्हर या रानरोपाची चार पांढरी फुलं उगवतात, म्हणूनच तिचं नाव ऑल्वेन असं कथेत स्पष्ट सांगितलंय. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण अर्थ सांगायचा तर असा सांगावा, नुसतं 'पांढरी पाऊलखूण' म्हणून कुणाच्या डोळ्यापुढं काय येणार.

त्याच घरातलं ब्रान्वेन. ब्रान म्हणजे कावळा, त्यातनं गोरी कावळी असं काहीतरी विचित्र निघतं आणि लोक नाव सोडून देतात, पण तिची गोष्ट वाचा. आयर्लंडच्या राजाला दिलेली, सासरी छळ, राणी असून स्वयंपाकघरात राबवलेली, रोज मार खाणारी, आणि तिनं तीन वर्षं आपल्या साळुंकीच्या जातीचं एक पाखरू पाळून शिकवलं आणि त्याच्या पंखाला चिठ्ठी बांधून माहेरी भावाला निरोप धाडला. आमच्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांत पण पाखराजवळ माहेरचा निरोप असायचा. दादाच्या यादीत हे नाव नव्हतं, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कारिस चे तुकडे

पहिला तुकडा 'कार'. वेल्शमध्ये कारू म्हणजे प्रेम करणं, माया करणं. कारिआद म्हणजे प्रेम, आणि हाच शब्द तिथली माणसं पोरांना, नवराबायको एकमेकांना हाक मारताना वापरतात, आपण सोन्या, राजा, बाळा म्हणतो तसं. आणि नुसता 'कार' हा शब्द जुना, त्याचा अर्थ नातलग, आप्त, जिवाभावाचं माणूस. मला हे लई महत्त्वाचं वाटलं, कारण 'प्रेम' म्हणलं की आपल्याकडं लगेच सिनेमातलं प्रेम डोळ्यापुढं येतं, आणि या शब्दात घरचं माणूस बसलंय. मराठीत याला शब्द 'माया'. कोल्हापुरात लई माया करत्यात म्हणतो ना, ती माया.

दुसरा तुकडा 'इस'. याचा अर्थ शोधत मी तीन रात्री घालवल्या आणि शेवटी कळलं की त्याला वेगळा अर्थ नाही, ते मुलीच्या नावाचं शेपूट आहे. आपल्याकडं 'इका' लागलं की नाव मुलीचं वाटतं, राधिका, सारिका, तसं तिथं 'इस'. ग्लॅडिस हे जुन्या वेल्श ग्वलाडिसचं इंग्रजी रूप, विसाव्या शतकाच्या सुरवातीला इंग्लंडात पण खूप चाललं. दिलिस हा वेल्शमधला साधा विशेषण शब्द, खरा, पक्का, खात्रीचा, आजपण कागद व्हॅलिड आहे म्हणायला दिलिस म्हणतात, एकोणिसाव्या शतकापासनं मुलींचं नाव म्हणून आलं. ही नावं कानात बसल्यावर लोकांनी त्याच चालीवर नवी केली, ग्लान म्हणजे स्वच्छ, पवित्र त्यावरनं ग्लेनिस, नेर म्हणजे स्वामी त्यावरनं नेरिस, आणि कार वरनं कारिस. म्हणजे कारिस हे विसाव्या शतकात रुळलेलं, घडवलेलं नाव. ई लावून केरिस असंपण लिहितात, ते त्याचंच भावंडं, गायिका केरिस मॅथ्यूज आहे ती याच नावाची. आणि वेल्समधल्या स्वान्सी शहराच्या अभिनेत्री कॅथरीन झीटा-जोन्सनं मुलीचं नाव कारिस ठेवल्यावर वेल्सच्या बाहेर पण ते लोकांच्या कानावर गेलं.

मग ते 'कृपा' कुठनं आलं? ग्रीकमध्ये खारिस म्हणून शब्द आहे, त्याचा अर्थ कृपा, त्यावरनं वेगळं नाव आहे, इंग्रजीत सीएच नं लिहितात. कानाला सारखं, मूळ वेगळं. साइटवाल्यांनी दोन्ही एकत्र कालवलं.

नाव खरंच किती जुनं, हे कसं कळणार

'प्राचीन केल्टिक' असं लिहिलेलं दिसलं की तिथं थांबा आणि तारीख शोधा. यासाठी तीन जागा, तिन्ही फुकट. पहिली, वेल्श भाषेचा मोठा ऐतिहासिक शब्दकोश, जी पी सी या नावानं शोधा, प्रत्येक शब्दाचा इंग्रजी अर्थ आणि तो पहिल्यांदा कुठल्या काळात लिहिलेला सापडतो ते दिलेलं असतं. या कोशासाठी शब्द गोळा करायला १९२१ ला सुरवात झाली आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला २००२ उजाडलं, आता ऑनलाइन आहे. पण तो शब्दांचा कोश आहे, नावांचा नाही, म्हणून तिथं कारिस शोधायचं नाही, कारू शोधायचं. दुसरी, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं १९१९ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवल्यात, त्यात नाव टाकून बघा कुठल्या सालापासनं बारशाच्या, शाळेच्या, लग्नाच्या बातम्यांत दिसतं. तिसरी, इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासनं जन्मनोंदणी आहे आणि तिची सूची स्वयंसेवकांनी फ्री बीएमडी नावाच्या साइटवर टाकल्या. आजकालची आकडेवारी पाहिजे तर तिथलं सरकारी सांख्यिकी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, पण तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव त्यात दाखवत नाहीत, तेव्हा यादीत नाही म्हणजे नावच नाही असं समजू नका.

नवं नाव म्हणलं की आमच्या घरात थोडं तोंड वाकडं झालं. काका म्हणाले म्हणजे बनावट की. मला हे अजिबात मान्य नाही. शब्द जुना, घाट नवा. कार या धातूवरनंच मध्ययुगात अङ्हाराद नाव होतं, अर्थ 'लई लाडकी', बाराव्या शतकातला लेखक जेराल्ड ऑफ वेल्स याच्या आईचं नाव तेच. म्हणजे त्या भाषेतल्या माणसांनी आठशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एक नाव केलं आणि शंभर वर्षांपूर्वी त्याच मातीचं दुसरं केलं. आणि तिथं जुनी वाटणारी किती नावं अशीच उशिरा चालू झाल्यात. डलन हे जुन्या कथेतलं नाव, समुद्राशी जोडलेलं, पण खऱ्या माणसांत जवळजवळ कुणी ठेवत नव्हतं, १९१४ ला स्वान्सीत एका शिक्षकानं मुलाला ठेवलं आणि तो मुलगा कवी डिलन थॉमस झाला, मग जगभर पसरलं. ऱ्हिआनन पण तसंच, कथा मध्ययुगातली, पोरींना ठेवायला लागले विसाव्या शतकात. त्या कथा लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ मध्ये इंग्रजीत आणल्या आणि तिथनं पुढं लोकांना आपली विसरलेली नावं परत दिसायला लागली.

आपल्याशी नातं लागतं का

लागतं, पण कानावर जाऊ नका, कोशावर जा. संस्कृत, वेल्श, इंग्रजी, फारसी ही सगळी एका मोठ्या कुटुंबातली. आणि १७८६ ला कलकत्त्यात भाषण करून संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं ज्यांनी गाजवलं, आणि केल्टिक भाषा पण त्यातच असाव्यात म्हणाले, ते सर विल्यम जोन्स, त्यांचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे गणिती, ज्यांनी १७०६ ला वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला पाय हे चिन्ह पहिल्यांदा वापरलं.

सेरेन म्हणजे तारा, चांदणी. इंग्रजीतल्या 'सेरीन' म्हणजे शांत, त्याच्याशी काही संबंध नाही, ही चूक खूप जण करतात. सेर म्हणजे तारे, अनेक, आणि 'एन' लावून त्यातली एक, म्हणजे अनेकांतली एक चांदणी. मूळ शब्दात स आणि त दोन्ही होते, इंग्रजी स्टार मध्ये आणि आपण फारसीतनं घेतलेल्या सितारा मध्ये दोन्ही टिकले, वेल्शमध्ये त गेला सेर राहिलं, संस्कृतात स गेला तारा राहिलं. आणि ऱ्हीअन, मूळ शब्द ऱ्हिआइन, आज अर्थ तरुणी, पण आधी राणी, आणि त्याचं संस्कृतातलं भावंडं राज्ञी, ज्याचं आपण राणी केलं.

आता सेरेन आणि ऱ्हीअन शेजारी ठेवा. तारा, राणी. मी हे वहीत लिहिलं आणि बघतच राहिले. ज्यांनी कोल्हापूरची गादी उभी केली त्यांचं नाव दादाच्या यादीत दोन तुकड्यांत पडलेलं होतं. कावळा नाक्यावर घोड्यावरचा ताराराणींचा पुतळा आहे, दादा कॉलेजला रोज तिथनं जायचा. फोन करून सांगितलं तर पलीकडं बराच वेळ शांतता.

कारिसचं पण नातं लागतं, जरा लांबचं. वेल्श कारू, लॅटिन कारुस म्हणजे प्रिय, आणि संस्कृत काम, कामना, या सगळ्यांचा मूळ धातू एकच, पुढं प्रत्यय वेगळे लागत गेले, असं भाषाशास्त्रातले लोक मानतात.

मराठी कानाची परीक्षा

हे विसरू नका, पोरगी वर्षातनं एकदा इकडं येणार, गल्लीत हाक मारली जाणार. हाव्ह म्हणजे उन्हाळा, तिथं गोड नाव, इकडं ऐकू येणार हाव. एइरा म्हणजे बर्फ, लई सुंदर, पण आपल्याकडं ऐरा-गैरा होणार. माली हे मॉलीचं वेल्श रूप, इकडं आडनाव वाटणार. उलटी परीक्षा पण करा, नाव वेल्शमध्ये रोजच्या बोलण्यात काय आहे. टेग म्हणजे सुंदर, त्यावरनं टेगन, छानच, पण टेगन हा वेल्शमधला रोजचा शब्द पण आहे आणि त्याचा अर्थ खेळणं. तिथं चालतं, खूप मुलींचं आहे, तरी आईला मी हे सांगितल्यावर तिनं त्या नावावर हात आडवा फिरवला.

मधलं नाव बापाचं लावायचं म्हणून वहिनीला काळजी होती की तिथं समजणार नाही. तिला सांगितलं, वेल्श माणसाला हे सगळ्यात आधी समजेल. त्यांच्यात जुन्या काळी आडनावच नव्हतं, अमुक अप तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा, मुलगी असली तर व्हेर्ख. प्राइस हे आडनाव अप ऱ्हीस मधनं झालं, पॉवेल अप हवेल मधनं, बोवेन अब ओवेन मधनं. बाकी तिथं जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते, आपलं बारसं बाराव्या दिवशी नाही जमलं तरी त्याच्या आत ठरवा, आणि फॉर्म भरताना स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचून घ्या.

पत्रिकेवर काय लिहायचं

आम्ही कारिस ठरवलं. तारीख ठरली, इथले पाच म्हणजे सध्या तिथले दुपारचे साडेबारा, पाळणा तिथं, घुगऱ्या इथं, आणि मी फोनवरनं कानात सांगणार. व्हॉट्सॲपच्या पत्रिकेत नावाखाली दोन ओळी टाकायच्या ठरल्या. दादानं लिहिलेलं, 'कारिस, अर्थात प्रेम, एक प्राचीन केल्टिक नाव.' मी ते काढलं. तुम्ही पण असं लिहा की वाचणाऱ्याला उच्चार, मूळ शब्द आणि वय तिन्ही कळेल, आणि मोठेपणासाठी काही वाढवू नका. आमची ओळ अशी गेली:

'कारिस. म्हणताना जोर "का" वर, आ आखूड. वेल्श भाषेतल्या कारू म्हणजे माया करणे या शब्दावरून विसाव्या शतकात झालेले नाव. अर्थ, माया.'

आईनं चष्मा लावून वाचलं, खाली बोटानं दाखवलं आणि म्हणाली, शेवटचा शब्द जरा मोठ्या अक्षरात टाक.